डावीकडचं तुळशीदळ

रुक्मिणीबाईंच्या सासरी मोठा निर्णय माणसांनी घ्यायची पद्धतच नव्हती. लग्न जमवायचं असो, आंब्याची बाग विकायची असो, कौल लावायचा. लक्ष्मीकेशवाच्या वीतभर काळ्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओलं तुळशीदळ चिकटवायचं, देवाला प्रश्न घालायचा आणि हात जोडून बसायचं. उजवं आधी पडलं तर एक, डावं पडलं तर दुसरं. ज्याचा प्रश्न असेल त्यानं पानाला हात लावायचा नाही, डोळे मिटून बसायचं. पान वडीलधाऱ्यानं लावायचं. कोकणातलं घर सुटलं, मुलुंडला दोन खोल्यांत बिऱ्हाड आलं, तरी ती मूर्ती आली आणि तिच्याबरोबर ही पद्धतही आली.

बावन्न सालच्या भाद्रपदात, वद्य पक्षात, प्रश्न होता जयवंताचा.

जयवंत बाईंचा एकुलता एक मुलगा, बावीस वर्षांचा. गळा बापाचा घेऊन आलेला. बाप कीर्तनकार. गावोगाव हिंडायचे, बिदागी म्हणून कधी पायलीभर तांदूळ, कधी नुसताच नारळ आणि उपरणं. शेवटी कुठल्याशा गावी देवळाच्या ओवरीत तापानं फणफणून गेले. बाईंना ते समजलं पोस्टकार्डावरून, आणि तेही दहावं उलटून गेल्यावर. तेव्हापासून घरात कुणी टाळ जरी हातात घेतला, तरी बाई उठून आत जायच्या.

आणि आता नाशकाहून केळशीकरबुवांचं पत्र आलं होतं. वडिलांचे जुने स्नेही ते, कीर्तनकारच. लिहिलं होतं, 'जयवंताला माझ्याकडे धाडा. पाच वर्षं घरी ठेवून घेईन, पूर्वरंग-उत्तररंग सगळं शिकवीन. माझ्यामागं माझी गादी चालवील असा गळा दुसरा ऐकला नाही. दसऱ्यापर्यंत वाट पाहतो.' त्याच आठवड्यात बाईंच्या थोरल्या भावानं, भाऊंनी, विक्रोळीच्या एका कारखान्यात टाइमकीपर ऑफिसात त्याची नोकरी पक्की करून आणली.

"सोमवारी हजर व्हायचं," भाऊ टोपी काढून खुंटीला लावत म्हणाले. "कायमची नोकरी. न्यायला-आणायला कंपनीची बस. पुढंमागं खोलीसुद्धा मिळेल. आणखी काय हवं रे माणसाला?"

"मामा, मला कीर्तन हवंय."

"मग कर ना रविवारी! कुणी तोंड धरलंय तुझं?"

"रविवारपुरतं कीर्तन म्हणजे रविवारपुरता संन्यास, मामा."

"वा! बोलायला फक्कड शिकलायस. तुझा बाप रोजचं करत होता. काय मिळालं ते तुझ्या आईला विचार."

जयवंतानं आईला विचारलं नाही. तो हसून म्हणाला, "देवालाच विचारू या ना. तो म्हणेल ते. आई, उद्या सकाळी लाव कौल."

त्या हसण्यानंच बाईंचा धीर सुटला. देव काय सांगणार याची त्याला खात्री होती. बाईंनाही होती. या घरातलं गाणारं माणूस देव स्वतःकडं ओढून घेतो, हे त्यांनी एकदा पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयवंत सोवळं नेसून पाटावर बसला. भाऊ दाराशी, घड्याळाकडं बघत. जयवंतानं गाऱ्हाणं घातलं, "देवा केशवा, नोकरी धरावी अशी तुझी इच्छा असेल तर उजवं दे, बुवांकडं जावं असं असेल तर डावं दे," आणि डोळे मिटून घेतले.

बाईंनी उजवं दळ नुसत्या पाण्यात बुडवून देवाच्या खांद्याला टेकवलं. डावं हातात घेतलं. सहाणेवर सकाळचं गंध होतं, दाट. काय करतो आहोत ते कळायच्या आत त्यांचं बोट गंधात गेलं, तिथून पानाच्या पाठीवर, आणि पान मूर्तीवर घट्ट बसलं. देवाला फसवतोय असं त्या वेळी त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. एवढंच आलं, की या एकदा माझंही ऐक.

उजवं पडलं.

"झालं!" भाऊ मांडीवर थाप मारून म्हणाले. "देवालाही व्यवहार कळतो म्हणायचा."

जयवंतानं डोळे उघडले. खाली पडलेलं पान पाहिलं. मग साष्टांग नमस्कार घातला, उठला आणि बुवांना दोन ओळींचं पत्र लिहून टाकलं.

नोकरी चांगलीच होती, त्याबद्दल कुणाला काही म्हणायला जागा नव्हती. पहाटे बस, संध्याकाळी बस. मधल्या वेळात कोण किती वाजता आत आला, किती वाजता बाहेर गेला, याच्या नोंदी. घरात वेळच्या वेळी सगळं येऊ लागलं. फक्त जयवंत गुणगुणायचा थांबला. आधी बाईंच्या लक्षात आलं नाही. मग आंघोळ करतानाची मोरी मुकी वाटायला लागली. पुढच्या वर्षी त्यानं पूजा आईवर सोपवली, 'बस चुकते' म्हणून. रविवारी बस नसायची. रविवारीही तो पाटावर बसेना.

बाईंनी व्रतं वाढवली. सोळा सोमवार केले, उद्यापन झाल्यावर पुन्हा धरले. शनिवारी मीठ सोडलं. गुरुवारी एकभुक्त. चातुर्मासात जमिनीवर निजू लागल्या.

"आई," जयवंत एकदा म्हणाला, "देवानं तुझ्यासाठी जेवायचा वार कुठला ठेवलाय, तेवढं तरी सांग."

"तुझ्यासाठीच करते रे."

"माझ्यासाठी? मला काय कमी आहे?" तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

पंचावन्न सालच्या रामनवमीला मुलुंडच्या देवळात कीर्तनाला केळशीकरबुवा आले. जयवंत जायला तयार नव्हता. बाई हट्टानं घेऊन गेल्या. रामजन्माचा पाळणा झाला, सुंठवडा वाटला गेला, आणि बुवा घामेजलेले, गळ्यात हार तसाच, गर्दीतून सरळ जयवंतापाशी आले.

"काय रे, दोन ओळींत 'येत नाही' एवढंच कळवलंस! तरी वाट बघितली मी. दसरा होऊन गेला, दिवाळी होऊन गेली. अजूनही कुणाला धरलं नाही मी. उद्या उत्तररंगाला माझ्यामागं उभा राहतोस?"

"नाही, बुवा."

"का? नोकरी आड येते?"

"देव आड येतो," जयवंत शांतपणे म्हणाला. "मी विचारलं होतं त्याला. कौल लावला. नको म्हणाला."

बुवांचा चेहरा पडला. ते काही बोलणार होते, पण त्यांनी हातच जोडले. "मग माझी काय प्राज्ञा बाबा," म्हणाले आणि वळले. बाई दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या. त्यांनी हातातला सुंठवडा पदराच्या टोकाला बांधून टाकला.

दोन दिवस त्यांनी स्वतःशी झगडून काढले. रविवारी एकादशी होती. दुपारी जयवंत खिडकीपाशी वर्तमानपत्र वाचत होता. बाई समोर येऊन जमिनीवर बसल्या.

"जयवंता, डाव्या पानाला मी गंध लावलं होतं."

त्याला पटकन कळलं नाही. "कुठल्या पानाला?"

"कौलाच्या. ते पडू नये म्हणून. देवानं नको नाही म्हटलं तुला. मी म्हटलं."

त्यानं वर्तमानपत्राची घडी घातली. नीट, कडेला कड जुळवून. बाई वाट बघत होत्या. ओरडेल, बोलेल, मूर्ती उचलून विहिरीत टाकीन म्हणेल. नाहीतर धावत जाऊन बुवांना गाठेल. बुवा अजून ठाण्याला होते, परवा नाशकाला निघणार होते, हे बाईंनी देवळात विचारून ठेवलं होतं.

"बुवा ठाण्यात आहेत अजून," त्या म्हणाल्या. "आत्ता निघालास तर—"

"काय सांगू त्यांना?"

"खरं ते सांग. माझं नाव घे."

"आई, त्यांच्यापुढं उभं राहून मी गाऊ काय? मला येतंय का काही?" तो खिडकीबाहेर बघत होता. "रामनवमीला पाळणा चालला होता ना, तेव्हा मी मनातल्या मनात म्हणून बघत होतो. शब्द सगळे येतात. आत काही हलत नाही. आधी वाटायचं, देवाला मी नको आहे, म्हणून असेल. वाईट वाटायचं, पण निदान त्यानं माझ्याकडं बघून नको म्हटलंय, एवढं तरी होतं."

"अरे, त्यानं म्हटलंच नाही!"

"तेच सांगतोय मी. त्यानं काहीच म्हटलं नाही. तू गंध लावलंस, तेव्हाही नाही, आणि तीन वर्षांत एकदाही नाही."

खरं म्हणजे बाईंनाही माहीत नव्हतं, गंध लावलं नसतं तर कुठलं पान पडलं असतं. कदाचित उजवंच. ते आता त्यांना कळणार नव्हतं, त्यालाही नाही.

"पुन्हा लावू या कौल," त्या कशाबशा म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाला लावू दे पानं. मी बाहेर बसते."

"नको. विचारायचं काही उरलं नाही माझं." तो उठला, आत जाऊन पाणी प्यायला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभा राहिला. "भूक लागलीय, आई."

"रताळी उकडलीत. भगर करू थोडी?"

"भात कर. वरण-भात."

मुंजीपासून त्यानं एकादशी मोडली नव्हती. कारखान्यातसुद्धा डब्यात शेंगदाणे न्यायचा. बाईंनी त्याच्या तोंडाकडं पाहिलं. राग असता तर त्यांनी हात धरला असता. चेहऱ्यावर नुसती भूक होती, कामावरून आलेल्या कुठल्याही माणसाच्या चेहऱ्यावर असते तशी.

त्यांनी शेगडी पेटवली. तांदूळ धुतले. भाताला आधण आलं तशी सगळ्या घरात वाफ पसरली, आणि एकादशीच्या दिवशी त्या घरात पहिल्यांदा भाताचा वास आला. जयवंत ताटावर बसला. चित्राहुती घातली नाही, डोळे मिटले नाहीत. कालवून जेवू लागला.

"वरण छान झालंय," तो म्हणाला.

बाई उपाशी, हातात पळी घेऊन समोर बसून होत्या. त्यानं ताट थोडं पुढं सरकवलं.

"अजून वाढ."

त्यांनी वाढलं.