दारं उघडली की रात्र नटाची

राजाची म्हातारी आत्या वारली, ही बातमी हॉप लेनच्या नाट्यगृहात सर्वांत आधी खजिनदार अँब्रोज टलला कळली. मे महिन्यातला गुरुवार होता, दुपारचे साडेचार वाजले होते. राजवाड्याच्या दफ्तरातला शिपाई खिडकीत लखोटा ठेवून, सही न घेताच, पुढच्या नाट्यगृहाकडे पळाला. आजपासून तीन आठवडे सगळे खेळ बंद, असा हुकूम होता.

गेले दहा दिवस सगळी मंडळी त्या म्हातारीच्या खोकल्याची सख्ख्या आजीसारखी चौकशी करत होती. राजघराण्यात मर्तिक झालं की दारं बंद, आणि दारं बंद म्हणजे पगार बंद. पण आज नुसता पगाराचा प्रश्न नव्हता. आजची रात्र मंडळीतल्या जुन्या नटी विनरिजबाईंची होती.

जुन्या नटांना वर्षातून एक रात्र मिळे. मेणबत्त्या, वादक, पहारेकरी, जाहिराती मिळून ऐंशी पौंडांचा रात्रखर्च मालकाला द्यायचा, वर उरेल ते आपलं. कमी पडलं तर पदरचे भरायचे. बाईंचा नवरा कर्जापायी फ्लीटच्या तुरुंगात खितपत होता आणि सावकाराची मुदत परवाच्या शनिवारी संपत होती. दारोदार फिरून त्यांनी तिकिटं विकली होती. त्यांचे आलेले चाळीस पौंड सावकाराच्या घशात गेलेही होते. बाकीचे आज दारावर जमायचे होते.

"टलसाहेब, किती जागा गेल्या?" अर्धा चेहरा रंगवून बाईच खिडकीशी आल्या.

टलने लखोट्यावर कोपर ठेवलं. "गॅलरी सोडून सगळ्या."

"गॅलरीत माझ्या मासळीवाल्या येणार आहेत. महिनाभर उधारीचे मासे खातेय मी त्यांचे. मी बुडाले तर त्याही बुडतील, म्हणून झक मारत येतील!" त्या हसल्या, मग थांबल्या. "असे का बघताय? म्हातारी गेली की काय?"

"छे हो," टल म्हणाला.

त्या गेल्यावर त्याने मनाशी विचार केला. पत्र आत्ता दिलं तर खेळ रद्द होईल. खेळ झाला नाही तर रात्रखर्चही नाही. सुतक फिटल्यावर बाईंना दुसरी रात्र मिळेल, विकलेली तिकिटं तेव्हा चालतील. पण तेव्हा जून उजाडलेला असेल, बडी माणसं गावाकडे गेलेली असतील, आणि शनिवार काही तोवर थांबणार नव्हता. उलट एकदा पडदा वर गेला की रंगात आलेला खेळ कोण थांबवतो? पत्र काय, गर्दीत उशिरा हाती पडू शकतं. आयुष्यात पहिल्यांदाच आपण कुणासाठी काही करतो आहोत, असं त्याला वाटलं आणि थोडं बरंही वाटलं.

"साहेब, पाच वाजले. उघडू?" द्वारपाल गॅमनने विचारलं.

"उघड."

लोंढा आत आला. पावणेसहाला नाट्यगृह गच्च भरलं होतं, मासळीवाल्या संत्री सोलत होत्या, आणि त्याच वेळी सेंट पॉलची मोठी घंटा वाजू लागली. राजघराण्यातलं माणूस गेल्यावरच ती अशी वाजते. बातमी कागदावरूनच येते अशा समजुतीत जन्म घालवलेल्या टलला तिची आठवणच राहिली नव्हती. खाली बसलेल्या पुरुषांनी टोप्या काढल्या. मग कुणीतरी ओरडलं, "आमचे पैसे?"

साडेसहापर्यंत दारावरचा सगळा गल्ला परत गेला. तिकिटं घेतलेल्यांनी बाईंना गाठून त्यांच्याकडून पैसे परत देण्याच्या चिठ्ठ्या लिहून घेतल्या.

मालक हॅव्हरिल खजिनदाराच्या खोलीत आला आणि टलने पुढे केलेला हुकूम त्याने वाचला. मागोमाग बाई आल्या, चेहऱ्यावरचा रंग तसाच होता.

"टल, हुकूम कधी आला? नीट आठवून सांग," हॅव्हरिल म्हणाला. "दारं उघडण्याआधी आला असेल तर बाईंकडून मला छदाम मागता येणार नाही. मग हे ऐंशी पौंड ज्याने पत्र दाबलं त्याच्याकडून वसूल करीन, आणि त्याला या दारात उभा करणार नाही. नंतर आला असेल तर मात्र रीत ती रीत. दारं उघडली की रात्र नटाची."

टलचा वर्षाचा पगार सत्तर पौंड होता. तो साठीला आला होता.

"नंतर," तो म्हणाला. "दारं उघडल्यावर."

"त्यांच्यावर कशाला डाफरता?" बाई म्हणाल्या. "मरण काय घड्याळ बघून येतं? कुठे सही करायची ते सांगा." मग टलकडे वळून त्या हळूच म्हणाल्या, "टलसाहेब, तेवढ्या मेणबत्त्या विझवायला सांगा हो. त्या आता माझ्या जळतायत."

त्यांनी ऐंशी पौंडांच्या कागदावर सही केली. टलने ओल्या शाईवर वाळू भुरभुरली, आणि तारीख बरोबर पडली आहे ना, ते पाहिलं.