लख्ख पुंगळ्या

वॉल्ट केसलरने काडतुसाची फुटकी पुंगळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर आपटली. "राजा, तू धातूंचा डॉक्टर. सांग, माझ्या दिवट्या पोराने दारू किती जास्त भरली होती?"

राजारामला डॉक्टर व्हायला अजून अवकाश होता. स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या युनिव्हर्सिटीत तो धातुशास्त्रात पीएचडी करत होता आणि वॉल्टच्या घराच्या वरच्या मजल्यावर संजीव या मित्रासोबत भाड्याने राहत होता. पण वॉल्टला असले बारकावे पटत नसत. म्हातारा तोंडाने फटकळ, मनाने निर्मळ. नागपूरहून आलेल्या या पोराला त्याने पहिल्या हिवाळ्यात स्वतःचा कोट दिला, बर्फात गाडी चालवायला शिकवलं. शिकारीच्या रायफलीची काडतुसं तो घरीच भरायचा. उडवलेल्या पितळी पुंगळ्या जमवायच्या, तपासायच्या आणि त्यांत बार पेटवणारी नवी टोपी, नवी दारू, नवी गोळी बसवायची. तळघरातलं ते टेबल म्हणजे त्याचं देवघरच.

यंदा हरणांच्या सीझनच्या पहिल्याच सकाळी त्यातली एक पुंगळी त्याच्या मुलाच्या, टेडच्या रायफलीत फाटली. तापलेला वायू मागे उलटला आणि टेडच्या उजव्या डोळ्यात पितळेचे कण घुसले. डोळा राहील, नजर राहील असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. दारू टेडनेच मोजून भरली होती. "आंधळ्यासारखी भरली, आता भोग म्हणावं," असं वॉल्ट चारचौघांत बोलून गेला आणि हॉस्पिटलकडे फिरकलाही नाही. बापलेकाचं आधीपासूनच विळ्याभोपळ्याचं सख्य, त्यात हे निमित्त.

राजारामने पुंगळी खिडकीच्या उजेडात धरली. दारू जास्त झाली असती तर बुडाची टोपी चपटी झाली असती, बूड फुगलं असतं. इथे दोन्ही धड होती. चीर मात्र अंगावर उभी गेलेली, काचेला तडा जावा तशी, आणि तिच्या कडा काळवंडलेल्या. म्हणजे बार उडायच्या आधीपासूनच ती तिथे होती. दाबून-ओढून घडवलेल्या पितळेला अमोनिया लागला की ते हळूहळू तडकतं. परीक्षेत हे उत्तर लिहून त्याने प्रोफेसरांची शाबासकी मिळवली होती.

आणि अमोनिया लावला कुणी? त्यानेच.

मे महिन्यात वॉल्टने कॉफीच्या डब्यात पुंगळ्या भरून दिल्या होत्या, चांगल्या-वाईट निवडायला; भरण्याआधीची शेवटची तपासणी वॉल्ट स्वतःच करायचा. निवडल्या त्याने चोख. पण तेवढ्यात बुद्धपौर्णिमा आली. आईने दिलेली पितळेची बुद्धमूर्ती घासायची, तर चिंच आणायला पिट्सबर्ग गाठायला हवं. मग त्याने दुकानातून नाकाला झोंबणारं, अमोनियाचं पॉलिश आणलं, मूर्ती घासली, आणि हातासरशी पुंगळ्याही. दुसऱ्याची वस्तू परत करायची ती होती त्याहून लख्ख करून, ही घरची शिकवण. काळे डाग निघेनात म्हणून पॉलिश रात्रभर पुंगळ्यांवर तसंच राहू दिलं आणि सकाळी धुतलं. डबा उघडून वॉल्टने शीळ घातली होती. धातुशास्त्राचा विद्यार्थी, पण त्या दिवशी अक्कल प्रयोगशाळेतच खुंटीला टांगून आला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"नीट बघून सांगतो," एवढंच पुटपुटून तो वर गेला आणि त्याने सगळं संजीवला सांगितलं.

"यार, गप्प बस!" संजीव म्हणाला. "स्टुडंट व्हिसावर आहेस तू. त्यांनी केस ठोकली तर करिअर फिनिश. पॉलिशचं कुणी विचारलंय का तुला?"

"नाही विचारलं. म्हणूनच तर घशाखाली घास उतरत नाहीये."

सकाळी तो खाली आला तो सगळं सांगायचं ठरवूनच. "उरलेलं एकही काडतूस वापरू नका," त्याने सुरुवात केली. "टेडने दारू बरोबर भरली होती. पितळच आधीपासून तडकलेलं होतं."

पुढचं वाक्य ओठांवर आलं आणि तिथेच अडलं. म्हातारा पुन्हा आपलं तोंडही बघणार नाही, या भीतीने त्याची जीभ रेटेना. त्या थांबण्यातच घात झाला.

"म्हणजे चीर होती, आणि मला दिसली नाही," वॉल्ट हळूच म्हणाला. "मी आपल्या हाताने पोराला दिली ती पुंगळी. वर त्यालाच बोललो." तो खुर्चीत बसला, लगेच उठला आणि गाडीची किल्ली शोधू लागला. "चल. माझ्यासमोर सांग त्याला."

रस्ताभर राजाराम तोंड उघडत होता आणि मिटत होता. स्वतःची त्याला किळस आली होती.

टेडच्या अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी होती. वॉल्टने टोपी काढली, ती हातात चुरगाळली. "दारू बरोबर होती तुझी. चूक माझी. जे बोललो ते बोलायला नको होतं. सॉरी." टेडचा उघडा डोळा भरून आला. म्हाताऱ्याला ते बघवेना; कॉफी आणतो म्हणून तो बाहेर सटकला.

दार लागताच राजारामने सगळं सांगून टाकलं. पॉलिश, रात्र, अमोनिया, काहीही राखलं नाही. "तुझे वडील परत आले की त्यांनाही सांगतो," तो म्हणाला.

"तुझा राग येतोय मला," टेड म्हणाला. "आणि तो जाईल असं समजू नकोस. पण त्याला सांगायचं नाही."

"अरे, पण ते स्वतःला दोष देताहेत."

"जन्मात पहिल्यांदा माझा बाप मला सॉरी म्हणाला. डोळा गेला तेव्हा कुठे म्हणाला. आता तेही काढून घेणार माझ्याकडून? तुला मोकळं व्हायचंय, ते कळतंय मला. नाही व्हायचंस."

वॉल्ट तीन कप सांभाळत आत आला. मुलाच्या पायाशी पलंगावर बसला, चादरीवरून त्याचा पाय थोपटला. मग राजारामकडे वळला.

"तू खरं बोललास म्हणून मी इथे आलो, राजा. दुसऱ्या कुणी माझी मर्जी राखली असती." त्याने एक कप पुढे केला. "माझ्या डोळ्यांवर आता माझाच भरवसा नाही. यापुढे माझ्या पुंगळ्या तूच बघत जा. बघशील ना?"

टेडचा उघडा डोळा राजारामवर रोखलेला होता.

"हो," राजाराम म्हणाला.