बांधातलं कासव

रॉडनीने प्रश्न विचारला आणि रताळं सोलणारा नेस्टाचा हात जागच्या जागी थांबला.

"एसावकाका, तुमच्या सासऱ्यांनी ती गाडी शेवटी नेली कुठं?"

पाहुणा ऑस्ट्रेलियाच्या युद्धसंग्रहालयाचा. त्याला काय बोलणार? बेटावरच्या या गावात सासऱ्याविषयी जावयाला कुणी काही विचारत नाही. विचारणं म्हणजे त्याच्या अन्नात माती कालवणं. नेस्टाने आजोबांच्या, म्हणजे आईच्या वडिलांच्या, गाडीसाठी आसपासची सगळी बेटं पालथी घातली होती, राजधानीत जाऊन भंगारवाल्या व्यापाऱ्याच्या मुलालाही गाठलं होतं. पण पडवीत जाळं विणत बसणाऱ्या स्वतःच्या बापाला, एसावला, विचारावं, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

ती गाडी म्हणजे गावाचं कासव. पाण्यात पोहणारी, जमिनीवर साखळीच्या पट्ट्यांनी चालणारी, युद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्याने वाळूत टाकून दिलेली. लोडूआजोबांनी तिच्यात जीव घातला, गावाच्या हवाली केली आणि चर्चच्या भिंतींचे सगळे पोवळ्याचे दगड तिच्यातून वाहिले. मग मोठ्या वादळाच्या साली कासव नाहीसं झालं. लोडूने ते भंगारात विकलं, अशी कुजबूज सुरू झाली, आणि म्हातारा मरेपर्यंत त्यावर एक अक्षर बोलला नाही.

उद्या रविवार. चर्चच्या नव्या छपराचा आशीर्वाद व्हायचा होता, आणि चर्च बांधणाऱ्यांची नावं वेदीपुढे घेतली जाणार होती. लोडूचं नाव त्यांत नव्हतं. व्यापाऱ्याच्या मुलाने शपथेवर सांगितलं होतं, की कासव त्यांच्या जहाजावर कधी चढलंच नाही. नेस्टाने ते सायलसकाकांच्या, म्हणजे गावच्या पाद्रीबुवांच्या, कानावर घातलं, तर ते हसले होते.

"विकलं नाही, तर गेलं कुठं, पोरी? अंडी घालायला गेलं?"

एसावने जाळं बाजूला ठेवलं. रागावला असेल म्हणून नेस्टा उठली, तर तो कुंपणाला टेकवलेली लोखंडी पहार उचलत होता. तो किनाऱ्याकडे चालू लागला. हे दोघं मागून निघाले.

ओहोटी होती. गावापासून धक्क्यापर्यंत गेलेला दगडी बांध उघडा पडला होता. चर्चच्या ओट्यावर उद्याचं निरूपण गुणगुणत बसलेल्या सायलसकाकांनी पहार पाहिली आणि तेही लुंगी सावरत खाली आले.

"एसाव, माझ्या बापाच्या बांधाला हात लावतोस?"

एसाव बांधाच्या मध्यावर थांबला, गुडघाभर पाण्यात उतरला. त्याने एक दगड उचकटला, मग दुसरा. मग पहार आत घातली आणि जोराने ढोसली.

लोखंडावर लोखंड वाजलं.

रॉडनी कपड्यांनिशी पाण्यात उतरला. फटीत हात घालून चाचपडला, डोकं घातलं, आणि बाहेर आला तो चेहऱ्यावर चिखल आणि डोळ्यांत पाणी घेऊन.

"तीच! पट्टीचे हे वाकडे दात दुसऱ्या कुठल्या गाडीला नाहीत. अशा जगात दोन उरल्यात, दोन! नेस्टाताई, बोटीवर अवजड सामान उचलणारी यारी आणली तर आठवड्यात बाहेर काढतो."

"आणि बांध?" नेस्टाने विचारलं.

त्याने बांधाकडे पाहिलं. एका बाजूला उघडा समुद्र, दुसऱ्या बाजूला शांत पाणी, त्यात गावाच्या होड्या. "बांध... बसेल खाली," तो हळू म्हणाला आणि हाताला लागलेला गंज पँटला पुसत राहिला.

सायलसकाका मात्र दगडावर मटकन बसले होते. नेस्टाला कारण कळायला वेळ लागला नाही. वादळात सारा गाव डोंगरावर पळाला होता. खाली आला तेव्हा घरं गेली होती, पण बांध अखंड होता. देवाने आपला हात आडवा घातला, असं तेव्हाचे पाद्री असलेल्या सायलसच्या वडिलांनी गाऊन सांगितलं. तेव्हापासून दरवर्षी तेच निरूपण होई: पाद्री एक ओळ गाई, गायकवृंद ध्रुवपद उचलून धरी. त्या निरूपणाने गावाने घरं परत उभारली. आणि आजोबा तिथेच, मागच्या ओळीत उभे राहून ते ध्रुवपद गात आले, चोर म्हणवून घेत.

"नाव घ्या काका उद्या," ती म्हणाली. "दुसरं काही मागत नाही मी."

"नाव घेईन गं. नाव घ्यायला माझ्या बापाचं काय जातंय? पण मग देवाचा हात कुठं ठेवू? लोक विचारतील, तो हात होता की भंगार होतं?"

लाटा पलीकडून बांधावर आपटत होत्या.

"हात होता," एसाव म्हणाला.

तिघांनी वळून पाहिलं. तो काढलेले दगड एकेक करून परत बसवत होता.

"मी पाहिलाय. शेजारीच बसलो होतो, पाणी छातीपर्यंत आलं होतं. बांध फुटला तिथं गाडी आडवी लागेपर्यंत तो हात गाडी चालवायच्या दांड्यावरून निघाला नाही. गाव खाली यायच्या आत आम्हीच तिच्यावर दगड रचले." त्याने शेवटचा दगड तळव्याने ठोकून बसवला. "ग्रीसने काळा झाला होता."

सायलसकाकांनी डोळे मिटले. त्यांचे ओठ हलू लागले. चाल तीच, शब्द ते शोधत होते.

"सगळ्यांत आधी त्यांचंच नाव घेतो," ते म्हणाले.

"मग मला बाहेर जावं लागेल," एसाव म्हणाला. सासऱ्याचं नाव चारचौघांत उच्चारलं की जावयाने उठून जायचं, ही रीत.

"जा की! एवढी वर्षं गायकवृंदात खर्जात गाऊन छप्पर हलवलंस, नवं तरी टिकेल."

रॉडनी हसला. पाण्यातून वर येताना त्याने बांधावर हात ठेवला, आणि यारीचं नाव पुन्हा काढलं नाही.

रविवारी चर्चमध्ये दाराबाहेरही माणसं उभी होती. सायलसकाका वेदीपुढे आले आणि त्यांनी लोडूचं नाव घेतलं, स्पष्ट, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. गर्दीत एक कुजबूज उठली. गायकवृंदातून एसाव बाहेर पडला, मान खाली, पावलं सावकाश. रीतीप्रमाणे त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. नेस्टाने मात्र पाहिलं.

सायलसकाकांनी नवी ओळ गायली. काळ्या हाताची. गायकवृंद क्षणभर गोंधळला. खर्ज नसल्यामुळे ध्रुवपद अधांतरी लटकलं, गाणाऱ्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या.

तेवढ्यात उघड्या खिडकीखालून, बाहेरच्या उन्हातून, तो खर्ज आला आणि त्याने सगळे आवाज खालून उचलले.