गाडलेलं बी

तंबूवाल्या काकांनी भाकर दोन्ही हातांत उचलली, डोळे मिटले, आणि त्यांच्या तोंडून शब्दच फुटेना.

उजाडत होतं. रंगारणीच्या माडीवर, वाळत घातलेल्या निळ्या कापडांखाली, ख्रिस्ताला मानणारी शेजारपाजारची माणसं दाटीवाटीने बसली होती. त्याला प्रत्यक्ष पाहिलेली पिढी सरत आली होती. यांच्यापाशी ना मंदिर होतं ना प्रार्थनेची पोथी. आठवड्याच्या पहिल्या दिवशी कामाआधी जमायचं, काकांनी देवाचे आभार मानायचे, भाकर मोडायची आणि सगळ्यांनी वाटून खायची, एवढीच उपासना. आभाराचे शब्द काका दर वेळी नवे आणायचे. मागच्या वेळचं छान होतं, पुन्हा म्हणा, असं कुणी सुचवलं की हसून उडवून लावायचे.

"देवाला काय शिळंपाकं वाढायचं?"

पण याच आठवड्यात काकू गेल्या, आणि काकांनी त्यांना मातीत ठेवलं. तंबूचं कापड काका बेतायचे, शिवण काकूंची असायची. अर्धवट शिवलेला तंबू अजून घरात तसाच पसरलेला होता.

हमालाने मान खाली घातली. सुईण उगाच पदर सारखा करत राहिली. शेवटी रंगारीणच हलक्या आवाजात बोलली.

"बापा, जमिनीत गाडलेलं बी तू विसरला नाहीस..."

"...अंधारातसुद्धा त्याला हाक मारलीस," हमाल पुटपुटला.

"आम्हालाही हाक मार, आणि एका ताटाभोवती बसव," सुईणीने पुरं केलं.

"आमेन," सगळे म्हणाले. काकांनी डोळे न उघडताच भाकर मोडली.

माणसं पांगल्यावर काका जिन्यापाशी थांबले.

"चांगले शब्द होते गं. कुणाचे?"

रंगारीण गोंधळली. "काका, तुमचेच की! पेरणीच्या दिवसांत म्हणाला होतात."

"मी?"

"मी रंग ढवळताना म्हणते. हमालदादा ओझं उचलताना म्हणतात. तुम्ही रागवाल म्हणून कुणी बोललं नाही."

काका भिंत धरत जिना उतरले.

पुढच्या खेपेला ते ताठ बसले होते. चेहऱ्यावरून वाटत होतं, नवं काहीतरी जुळवून आणलंय. त्यांनी भाकर उचलली, समोर पाहिलं. माणसांचे ओठ आधीच हलू लागले होते. सुईणीचे, हमालाचे, मागे बसलेल्या बहिऱ्या आजींचेसुद्धा. काकांनी डोळे मिटले.

"बापा, जमिनीत पेरलेलं बी..."

"गाडलेलं," रंगारीण हळूच म्हणाली.

काकांनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. मग पुन्हा डोळे मिटले.

"गाडलेलं बी," ते म्हणाले, आणि पुढे म्हणू लागले.