सिलिंडरातलं भूत

निखारेबाबाच्या मठात पाय ठेवायला जागा नव्हती. बोंडअळीने कापूस खाल्ला होता, उरलेल्याला भाव नव्हता. बोरी अरबच्या बाजारातून लोक घरी न जाता आधी इथेच येत. मधोमध शेंदूर फासलेला लोखंडी सिलिंडर उभा होता आणि त्याच्या नळीतून सूं सूं आवाज येत होता.

“ऐका, भूत कण्हून राह्यलं,” बाबा म्हणाला. “विचारा त्याले.”

“यंदा कापूस चढन काय?” एका म्हाताऱ्याने विचारले.

बाबाने धुमसती उदबत्ती नळीपाशी नेली. ती भप्पकन पेटली. लोकांनी हात जोडले.

“चढन म्हणते. कधी, ते नाई सांगत. भूत हाये, व्यापारी नाई.”

मागे उभ्या असलेल्या देवरावला हसू आले नाही. सिलिंडर त्याचा होता.

त्याच्या बायकोचे, सत्यभामाचे, डोके रोज चारच्या सुमारास उठे. एकाच डोळ्यामागे. डोळा लाल होऊन गळू लागे. तिला बसवत नसे, निजवत नसे. ती घरभर फिरे आणि कपाळ भिंतीवर आपटे. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितले होते, “हा क्लस्टर डोकेदुखीचा आजार आहे, भानामती नाही. कळ उठताच मास्क लावा, पंधरा मिनिटे जोरात ऑक्सिजन द्या. आणि जवळपास विस्तव नको.” देवरावने ऑक्सिजनचा सिलिंडर घरी आणला आणि बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढची मेणबत्तीसुद्धा अंगणात नेली. ऑक्सिजनने सत्यभामा माणसात येऊ लागली होती.

मग एक दिवस तो वावरात असताना त्याच्या बहिणीने, दीपमालाने, बाबाला बोलावले. बाबा मंत्र पुटपुटत होता तेव्हा सत्यभामाच्या तोंडावर मास्क होताच. कळ उतरली. बाबाने मास्क ओढून काढला, तोच हातातली उदबत्ती भडकली. आधी बाबाच दचकला. मग म्हणाला, “भूत याच्यात कोंडलं. घरी ठेवसान तर पुन्हा धरन.” सिलिंडर बैलगाडीतून मठात आला. कळ दुसऱ्या दिवशी चारला परत आली.

“मले तिचे हाल पाहवले नाई रे दादा,” दीपमाला एवढेच म्हणाली.

देवराव सिलिंडर मागायला गेला, तर लोकच आडवे झाले. “भूत गावात सोडतं काय?” म्हणून आज त्याने शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या विमलताईंना सोबत आणले होते.

विमलताईंनी पुढे होऊन सिलिंडरची चावी बंद केली. सूं सूं थांबली.

“पेटवा आता, महाराज.”

उदबत्ती नळीपाशी नुसतीच धुमसत राहिली.

“भूत रुसलं,” बाबा म्हणाला. “बाईचा हात लागला.”

“चावी फिरवली की रुसते?” मागून कोणी तरी म्हणाले.

विमलताईंनी काचेची बाटली नळीखाली धरली. देवरावने त्यांचा हात धरला. “ताई, नका. काटा पाहा.” सिलिंडरवरचा काटा शून्याला टेकत आला होता.

“दाखवल्याशिवाय हे नेऊ देणार नाहीत, देवराव.”

त्यांनी चावी पुन्हा उघडून बाटली भरली, तिच्या तोंडावर हात दाबून ती दूर अंगणात नेली आणि आत धुमसती काडी सोडली. काडी लख्ख पेटली.

“हे भूत मी दरवर्षी पोरांना दाखवते. ऑक्सिजनमध्ये निखारा पेट घेतो. म्हणूनच त्याच्याजवळ उदबत्ती नेत नाहीत. महाराजांनी एखाद दिवशी तुम्हा सगळ्यांना पेटवले असते.”

बाबा पूजेची वेळ झाली म्हणत आत गेला.

“मंग घेऊन जा ना बाप्पा,” म्हातारा देवरावला म्हणाला. “तुयाच हाये तर.”

चौघांनी रिकामा सिलिंडर गाडीत चढवला. भरून मिळायचा तो यवतमाळला, तोही उद्या.

देवराव घरी पोचला तेव्हा सत्यभामा भिंतीशी होती. त्याच्याकडे द्यायला काही नव्हते. भिंत आणि तिचे कपाळ यांच्यामध्ये त्याने आपला तळहात ठेवला आणि तो कळ उतरेपर्यंत काढला नाही.

तिच्यासाठी आणलेला ऑक्सिजन उदबत्त्या पेटवण्यात गेला. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी विचारा, हे कशाने झाले? आणि ज्याचे दुखणे पळवले म्हणतात, त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी जाऊन पाहा.