उरलेलं उद्या सांगतो

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. जुना म्हणजे किती, तर माझ्या पोटात कॅसेट घालायची असते हेही आताच्या मुलांना सांगावं लागतं. परवा शेजारची एक चिमुरडी माझ्या काचेवरून बोट फिरवत बसली होती. तिला वाटलं, आत चित्र हलेल. हसू नका, मित्रांनो. माझी चाकं फिरत नाहीत तेव्हाही आत मी स्वस्थ नसतो. एक वाक्य माझ्यात अर्धवट राहिलं आहे आणि ते पंचवीस वर्षं मला खुपत होतं. त्याचीच ही गोष्ट.

माझा जन्म जपानमधल्या कारखान्यातला. एडनच्या बाजारात मला एका सोमाली खलाशाने घासाघीस करून विकत घेतलं, गलबतातून बर्बेरा बंदरात उतरवलं आणि तिथून मालट्रकमध्ये बकऱ्यांच्या मधोमध बसवून हर्गेसाला आणलं. त्याची बहीण एब्ला तिथे राहायची. तिचा नवरा साहारदीद शाळामास्तर होता आणि कवी होता. त्या मुलखात कवी होणं ही काही गंमत नव्हे. तिथे कवितेवरून भांडणं पेटतात आणि कवितेनेच विझतात.

साहारदीद मला घाबरायचा. एवढा दांडगा, मेंदी लावलेल्या दाढीचा माणूस, पण माझ्या बटणाला बोट लावायचा नाही. "एब्ला, तूच दाब गं. माझ्या हाताने बिघडायचं," म्हणायचा. म्हणून माझी बटणं पहिल्यापासून एब्लाच दाबत आली. लाल आणि पांढरं एकदम दाबलं की आवाज साठतो, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं. ती बटण दाबायची, ओठांवर बोट ठेवायची आणि भिंतीला टेकून बसायची.

दुपारी उन्हं चढली की मास्तरच्या चटईवर माणसं जमायची. तरतरी आणणारी हिरवी पानं चघळायची, दुधाळ चहा ढोसायची आणि कविता म्हणायची. त्यांचा एक कडक नियम होता. दुसऱ्याची कविता म्हणायची तर आधी कवीचं नाव घ्यायचं आणि एक शब्दही इकडचा तिकडे करायचा नाही. एकदा एका पाहुण्याने कुणाच्याशा कवितेत आपली एक ओळ घुसडली. साहारदीदने त्याच्या पुढ्यातला चहाच उचलला. म्हणाला, "चोरलेला उंट परत करता येतो बाबा. मोडलेली ओळ कशी परत करशील?" पाहुणा जो गेला तो गेलाच. हा नियम लक्षात ठेवा, मित्रांनो.

१९७८ साली, एक जुलैच्या सणाला, माझ्यात ती कॅसेट घातली गेली. एक जुलै म्हणजे काय, ते हर्गेसात कुणाला सांगावं लागत नाही. १९६० साली इंग्रज गेले आणि हा उत्तरेकडचा मुलूख स्वतंत्र झाला. पाच दिवस तो आपल्या पायावर उभा राहिला आणि एक जुलैला दक्षिणेकडच्या भावांना जाऊन मिळाला. निळा झेंडा, त्यावर पाच टोकांचा पांढरा तारा. सोमाली माणूस जिथे जिथे राहतो त्या पाच मुलखांची ती पाच टोकं. दोन एक झाले, उरलेले तीन येतील, अशा आशेने माणसं वेडी झाली होती. साहारदीदने तेव्हा रस्त्यात उभं राहून एक कविता रचली होती. ती त्याने त्या दिवशी माझ्यात म्हटली. त्यांच्या कवितेत प्रत्येक ओळीला एकच अक्षर घुमावं लागतं.

"निळं निशाण, नभाचा तुकडा,
नक्षत्र त्यात नवं;
न्यारे न्यारे नाही आता,
नातं एकच हवं."

थोरला मुलगा गुलेद तेव्हा एकवीस वर्षांचा होता आणि नोकरीसाठी दक्षिणेला, मोगादिशूला निघाला होता. त्याने शेजाऱ्याच्या यंत्रावर या बाजूची नक्कल करून घेतली आणि ती बरोबर घेऊन तो गेला. धाकटा वायस बारा वर्षांचा होता. तो "नातं एकच हवं" ओरडत अंगणभर पळायचा आणि एब्ला त्याला "अरे, माझ्या भांड्यांवरून उड्या मारू नकोस" म्हणून ओरडायची. माझे ते सुखाचे दिवस होते. लोक म्हणायचे, मास्तरचं यंत्र म्हणजे गावाचा कान आहे. मी फुगून गेलो होतो.

मग वारा फिरला. दहा वर्षांनी, १९८८ साली, त्याच निळ्या झेंड्याच्या सरकारच्या लष्करी गाड्या हर्गेसाच्या चौकाचौकात उभ्या होत्या. अंधार पडला की बाहेर पडायची बंदी. माणसं घरातून नेली जायची आणि परत यायची नाहीत. वायस डोंगरात बंडखोरांकडे पळाला होता, गुलेदची मोगादिशूहून पत्रं बंद झाली होती आणि दुपारची चटई गुंडाळून ठेवलेली होती. एका संध्याकाळी साहारदीदने मला जवळ ओढलं.

"एब्ला, कोरी कॅसेट आहे का?"

"कुठली आणू? दुकानं उघडी आहेत का?"

"मग तीच उलटी घाल."

तिने कॅसेट उलटली, लाल आणि पांढरं बटण दाबलं, ओठांवर बोट ठेवलं. तो बराच वेळ बोलला. ज्यांना ज्यांना नेलं गेलं त्यांची नावं घेतली. आवाज फुटत होता, तरी एकही नाव गाळलं नाही. मग कविता म्हटली; तिच्यातली सांडणी म्हणजे दक्षिणेच्या हाती दिलेला हा मुलूख.

"दुभती सांडणी दिली दारची,
दावं दिलं हाती;
दूध दिसेना, दाणा दिसेना,
दारी आली माती."

आणि मग साध्या बोलण्यात म्हणाला, "गुलेद, वायस, दोघंही नीट ऐका. मी आता सांगतो ते शेवटचं. तेव्हा आपण जे एक झालो, ते..."

खट्.

माझी फीत संपली. बटण आपोआप वर आलं. मित्रांनो, यात माझा काय दोष? तीस मिनिटांची बाजू, तीस मिनिटांत संपणार. पण ते 'खट्' अजून माझ्या पोटात आहे.

दुसऱ्या सकाळी त्याच सरकारची विमानं बॉम्ब टाकत आली. साहारदीदने चुलीजवळ खड्डा खणला, एब्लाने मला आपल्या लग्नातल्या शालीत गुंडाळलं, वरून बकऱ्याचं कातडं बांधलं आणि मला मातीत पुरलं. वर धडधड होत होती. मग पावलांचे आवाज दूर गेले. तीन वर्षं मी तिथे पडून होतो. त्या अंधारात मी एकच वाक्य शंभरदा पुरं करायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

१९९१ मध्ये मला उकरून काढलं ते वायसने. त्याच्या कपाळावर जखमेचा वण होता, बरोबर एब्ला होती आणि साहारदीद नव्हता. सरहद्दीपलीकडच्या निर्वासितांच्या छावणीकडे चालत जाताना चौथ्या दिवशी तो वाटेतच गेला होता. घराला छप्पर नव्हतं. उत्तरेने दक्षिणेशी संबंध तोडून स्वतःचा वेगळा देश जाहीर केला होता. वायसने माती झटकली, नवे सेल घातले, कॅसेट मागे फिरवली आणि वडिलांचा आवाज ऐकला. "ते..." खट्. तो ढसाढसा रडला आणि म्हणाला, "ते पाप होतं! हेच म्हणणार होते बाबा!" त्या दिवसापासून तो हे वाक्य असंच पुरं करून सांगू लागला. कॅसेटची पहिली बाजू त्याने कधी लावली नाही. "ती बाबांनी स्वतःच रद्द केली," म्हणायचा.

तिकडे गुलेदजवळ पहिलीच बाजू होती. दुसऱ्या बाजूबद्दल त्याने फोनवर ऐकलं तेव्हा म्हणाला, "बंडखोरांनी बाबांच्या मानेवर बंदूक ठेवून वदवून घेतलं असणार. आणि वाक्य पुरं कुठंय? 'ते बरोबरच होतं, माणसं वाईट निघाली,' असं म्हणणार होते ते." झालं! दोन भाऊ, एक बाप, एक अर्धं वाक्य. वायसने जाहीर केलं, दादा हे शब्द मागे घेत नाही तोवर माझ्या उंबऱ्यात नको. एब्ला मधल्यामध्ये भरडली जायची. भाताची परात पुढे ठेवताना दर वेळी एक बाजू थोडी जास्त भरायची, आणि तिथे कुणीच बसायचं नाही.

माझं काय झालं? माझा रबरी पट्टा सैल झाला, साहारदीदचा आवाज म्हशीसारखा रेकायला लागला, आणि मला फडताळात ढकललं. माझ्यावर मिठाचा डबा ठेवला. गावाचा कान म्हणे!

काही वर्षांपूर्वी वस्तीत नवी शाळा झाली. तिला साहारदीद मास्तरचं नाव द्यायचं ठरलं आणि दर्शनी भिंतीवर त्याचे शब्द रंगवायचे ठरले. समितीचा प्रमुख वायसच. त्याने पाटीवर मजकूर लिहून दिला: 'तेव्हा आपण जे एक झालो, ते पाप होतं.' खाली बापाचं नाव. ही बातमी मोगादिशूला पोचली आणि चौथ्या दिवशी गुलेद दारात. पिकली दाढी, हातात पिशवी, पिशवीत ती नक्कल.

"बाबांच्या तोंडात आपली जीभ कोंबून भिंतीवर लावतोस?" तो बाहेरूनच ओरडला.

"या, या! झेंडेवाले आले!" वायस म्हणाला. "तुमच्या ताऱ्याने आमचं छप्पर नेलं, दादा. वर बघ, पत्रा नवीन आहे."

"मोगादिशूत आमचं काय राहिलं ते विचारलंस कधी? तिथल्या लढाईत मीही माझा मुलगा पुरलाय."

 वायसला हे माहीत नव्हतं. पण तो मागे हटला नाही. मग म्हणाला, "आईसमोर कॅसेट लावून ठरवू. वाक्य तुझं निघालं तर मी पाटी फोडतो. माझं निघालं तर तू पुन्हा इथे यायचं नाहीस."

"कबूल," गुलेद म्हणाला.  जो जिंकेल तो जिंको, एब्लाचा एक मुलगा जाणारच होता.

वायसची मुलगी उगासो त्याच शाळेत बाई आहे. तिने मिठाचा डबा उचलला, मला पुसलं आणि बाजारातून नवा पट्टा आणून बसवला. "काका, बाबा, खाली बसा," ती म्हणाली. "पहिल्यापासून ऐकायचं. दोन्ही बाजू. मध्ये कुणी उठायचं नाही."

पहिली बाजू लागली. "नातं एकच हवं" आलं तेव्हा वायसचे ओठ आपोआप हलले. अंगणात पळणारा पोरगाच तो! मग कॅसेट उलटली. नावांची यादी सुरू झाली तशी गुलेदची मान खाली गेली. सातवं नाव त्याच्या वर्गमित्राचं होतं. "हा... हा गेला?" तो पुटपुटला. "मला कुणी सांगितलं नाही." या आवाजाच्या मानेवर बंदूक नव्हती, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

"तेव्हा आपण जे एक झालो, ते..." खट्.

दोघांनी एकदम तोंड उघडलं.

"गप्प बसा!" एब्ला एवढ्या जोरात म्हणाली की माझी काच हादरली. "बापाच्या कवितेत ओळ घुसडता? तुमच्या बापाने परक्याच्या पुढ्यातला चहा उचलला होता या गुन्ह्यासाठी. मी तुमच्या पुढ्यातली परात उचलू?"

"पण आई, ते काय म्हणणार होते हे कुणाला ठाऊक?"

"मला. बटण कोण दाबत होतं? मी बसले नव्हते का तिथे?"

 "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?" वायसने विचारलं.

"विचारलंत कधी? मी तोंड उघडलं की तुम्ही म्हणायचात, आई, तुला राजकारणातलं काय कळतं, चहा टाक. दोघंही म्हणायचात. एक इथून, एक फोनवरून."

मग तिने सांगितलं. खट् झाल्यावर साहारदीद हसला होता. "संपली वाटतं. दुसरी आहे का गं? नाही ना? राहू दे. उरलेलं उद्या सांगतो. चहा कर." एवढंच. सकाळी विमानं आली. पुढे वाटेत तिने दोनदा विचारलं, काय सांगणार होतात हो? तो म्हणाला, चालताना दम लागतो, तिकडे पोचल्यावर सांगतो.

"पोचले नाहीत," एब्ला म्हणाली. "ते वाक्य नाहीच आहे, बाळांनो. ज्यावरून तुम्ही एकमेकांचं तोंड बघत नाही, ते तुमच्या बापाने म्हटलंच नाही."

गुलेद रडला. वायसने उठून पाटी फोडली नाही, पण पुसली. त्या दुपारी दोघं एका परातीत जेवले. मित्रांनो, त्यांचं मत जुळलं असं समजू नका. भात संपेपर्यंत झेंड्यावरून कडकडून भांडत होते आणि एब्ला दोघांच्या बाजूला सारखाच भात लोटत होती. गुलेद आता दर वर्षी येतो. शाळेच्या भिंतीवर साहारदीद मास्तरचं नाव आहे आणि खाली त्याचे खरे शब्द आहेत: 'उरलेलं उद्या सांगतो.' मुलं वाचून हसतात, मग उगासोला विचारतात, "बाई, उरलेलं काय?" ती मला वर्गात नेते आणि दोन्ही बाजू लावते.

परवा ती कुठूनशी एक कोरी कॅसेट घेऊन आली. माझ्यात घातली आणि लाल-पांढरं बटण तिने स्वतः दाबलं. एब्ला सवयीने ओठांवर बोट ठेवून भिंतीला टेकली.

"आजी, तू बोल," उगासो म्हणाली.

"मी? मी काय बोलू?"

चाळीस वर्षं माझी बटणं दाबलेल्या बाईचा आवाज माझ्यात पहिल्यांदा उतरला, आणि त्यात पहिलेच शब्द हे. मला माझीच लाज वाटली.

मित्रांनो, माझी फीत झिजत चालली आहे, पट्टा पुन्हा सैल होईल. मला पुसा, जपा, एवढं तर मी मागेनच. पण तुमच्याही घरात कुणीतरी भिंतीला टेकून बसलेलं असेल. त्यांना आजच विचारा. चहा नंतर होईल.