ओरिनसोबत कोण?

पंच आंधळा असेल तर त्याला आंधळा म्हणावं, असं माझं मत. तिसऱ्या रांगेतल्या माझ्या खुर्चीवरून मी तसं म्हणतेही. नवरा होता तेव्हा बाही ओढून मला खाली बसवायचा. तो गेला, आता ओढणारं कोणी नाही. म्हणून कॉलेजचा बास्केटबॉलचा एकही सामना मी चुकवत नाही. घरात कोणावर ओरडू? भिंतींवर?

ओरिन वासेक आमच्या कॉलेजात आला तेव्हा नुसती काठी होता. सात फुटांना बोटभर कमी. नेब्रास्का राज्याच्या पार पश्चिमेकडचा, गुरं पाळणाऱ्या बापाचा एकुलता एक. आई तो शाळेत असतानाच वारलेली. पहिल्या वर्षी स्वतःच्याच पायात अडखळून पडायचा. दुसऱ्या वर्षी अंगाने भरला. बास्केटखाली पाय रोवून उभा राहिला की दोघं-दोघं अंगावर आले तरी हलायचा नाही. खांद्यावरून हात वळवून अलगद चेंडू सोडायचा, की गेलाच आत! तिसऱ्या वर्षी आमच्या विभागातला सगळ्यात चांगला खेळाडू ठरला. मग काय विचारता! बेकरीच्या दारावर त्याच्या उंचीची रेघ, न्हाव्याच्या दुकानात त्याचा फोटो, पोरं त्याचा पंजा कागदावर गिरवून नेतायत. जो तो म्हणे, आमचा ओरिन.

आणि चौथ्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दुपारी, घरोघरी टर्की कापली जात असताना, हा आमचा ओरिन कपडे धुण्याच्या दुकानात एकटा बिस्किटं खात बसला होता. मला हे नंतर कळलं. शेजारच्या खुर्चीत ग्लेन बसतो, हार्डवेअरच्या दुकानाचा मालक. त्याला विचारलं, तर म्हणाला, "मला वाटलं, पाद्रीबाबांकडे जेवला असेल." पाद्रीबाबांना वाटलेलं कोचकडे. कोचला वाटलेलं ग्लेनकडे. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. हा तर अख्ख्या गावाचा पाहुणा. असा संताप आला मला!

म्हणून मार्च जवळ आला तसा मला एकच घोर लागला. शेवटच्या वर्षाच्या मुलांचा घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना असतो, तेव्हा खेळाआधी एकेकाचं नाव पुकारतात. मुलगा आईबापांच्या मधोमध चालत मैदानाच्या मध्यावर येतो, आईला फुलं देतो, माइकवरचा माणूस आईबापांची नावं सांगतो, आणि बाया डोळे पुसतात. ओरिनसोबत कोण चालणार? बापाच्या गाई नेमक्या याच दिवसांत वितात. चार वर्षांत तो माणूस एकदाही आला नव्हता.

सामन्याच्या संध्याकाळी बसल्या बसल्या मी ग्लेनला छेडलं.

"अहो मर्नाबाई, पाद्रीबाबा आणि त्यांची बायको चालणारेत. किती डोकं खाता!"

"त्यांनी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला हवं? त्यांच्याशिवाय आहे कोण?"

मी मान वळवली. पाद्रीबाबा बायकोसह मागच्याच रांगेत पॉपकॉर्न खात होते.

"तुम्ही इथे कसे?" मी जवळजवळ किंचाळलेच.

"का? कोचच्या बायकोला सांगितलं असेल ना ओरिनने."

कोचची बायको समोर कॅमेरा घेऊन उभी होती. मोकळी.

"मेल्यांनो, पुन्हा तेच केलंत!" मी म्हटलं. पण तोवर ओरिनचं नाव पुकारलं गेलं होतं आणि सगळी माणसं टाळ्या वाजवत उठली होती.

ओरिन एकटाच आला. हातात फुलं. मध्यावर येऊन थांबला आणि इकडेतिकडे बघू लागला. लोकांना वाटलं, पोराला गहिवरून आलं. त्यांनी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या. फुलं धरलेला हात त्याने हळूच पाठीमागे नेला.

मग मी थांबतेय कशाला! ग्लेनच्या पायांवर पाय देत खाली उतरले. मैदानाच्या कडेला राखणदार होता.

"बाई, आत जायला परवानगी नाही."

"अडवून तर बघ!"

बर्फातले बूट घालून त्या गुळगुळीत लाकडी जमिनीवर मी कशीबशी त्याच्यापर्यंत पोचले. जवळून तो फारच लहान दिसत होता. चेहऱ्यावर मुरुमं होती. तिसऱ्या रांगेतून ती कधी दिसली नव्हती.

"दे ती फुलं इकडे," मी दटावलं. "आणि ताठ उभा राहा."

त्याने दिली. माइकवाला आमच्याजवळ येऊन कुजबुजला, "ओरिन, यांचं नाव काय सांगू?"

ओरिन माझ्याकडे बघत राहिला. मग एवढा उंच पोरगा माझ्या कानापर्यंत वाकला.

"तुमचा आवाज ओळखतो मी. पंचांवर ओरडता ना, त्या तुम्हीच. पण नाव... माफ करा मॅडम, तुमचं नाव काय?"

"मर्ना केसलर."

त्याने ते एकदा स्वतःशी म्हटलं आणि मग माइकवाल्याला सांगितलं.

"बरं. आणि तुझ्या कोण लागतात?"

ओरिनने माझ्याकडे पाहिलं, मी ओरिनकडे. माइकवाल्याने थोडी वाट पाहिली आणि नुसती आमची दोन नावं पुकारली.